उपग्रहाला माहेर नसते

हे लिहायला बसताना आधी क्षमा मागणे मला आवश्यक वाटते. आयुष्याचा मोठा भाग मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवण्यात घालवला आणि इतरांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाईने ‘मुद्दा सोडून लिहिले आहे’ असे शेरे मारले. आता उतारवयात स्वतः लेखणी हाती घेतल्यावर मुद्द्यावर राहणे किती अवघड असते ते कळते आहे. शिवाय ज्याची कोणी दखल घ्यावी असे माझ्या हातून काही घडलेले नाही. चारचौघांत बोलताना माझा आवाज आजही खाली जातो. वर्गात तो चढत असे, कारण तिथे हातात पाठ्यपुस्तक असे. तरीही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीच्या एका उन्हाळ्यातले दोन-तीन दिवस मनातून जात नाहीत, म्हणून हे धाडस. कुठे मुद्दा सुटला तर वाचकांनीही खुशाल लाल शाई वापरावी.

त्या वर्षी आमच्या ठाणे जिल्ह्यात पावसाने गणपतीच्या आधीच पाठ फिरवली. कोकणपट्टीत दुष्काळ म्हटले की बाहेरच्या माणसाला ती थट्टा वाटते. आम्हालाही दिवाळीपर्यंत ती थट्टाच वाटत होती. धरणात जे पाणी साठले होते त्यावर पहिला हक्क मुंबईच्या नळांचा. त्यातून उरेल ते कालव्याने खालच्या गावांना. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा असे ठरले की कालव्याला पाण्याची आणखी एकच पाळी सोडता येईल, आणि तीही सगळ्या गावांना मिळणार नाही. ज्यांच्या शेतांत आधीच्या पाळ्यांचे पाणी पोहोचले असेल ती गावे वगळायची. ज्यांच्याकडे पोहोचलेच नाही त्यांच्या फाट्याचे, म्हणजे कालव्याच्या फांदीचे, दार उघडायचे, म्हणजे निदान विहिरींना पाझर लागेल. पण कोणाकडे पोहोचले हे ठरवायचे कसे? विचारायला गेले तर प्रत्येक गाव सांगणार, आम्हाला थेंब मिळाला नाही. म्हणून ते उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून ठरवायचे, असा तेव्हाच्या मानाने अगदी नवा घाट घातला गेला आणि त्यासाठी भिवंडीत, नारपोलीला, एक तात्पुरते पथक बसवण्यात आले.

पथक हा शब्द मोठा झाला. आम्ही तिघेच होतो. प्रकल्पाचे साहेब, जीपचे चालक आणि मी. परीक्षा आटोपून महाविद्यालयाला सुट्टी लागली होती. पदव्युत्तर अभ्यासात मी हवाई छायाचित्रे वाचायला शिकले होते, एवढ्या भांडवलावर प्राचार्यांनी माझे नाव परस्पर सुचवले. मला विचारले असते तर मी नाही म्हटले असते. म्हणूनच बहुधा विचारले नसावे.

खोली पहिल्या मजल्यावर होती आणि खाली कापडाचे लूम चालत. आमच्या कामाला एक काचेचे टेबल होते. त्याच्या पोटात ट्यूबलाइट, काचेवर चित्राचा पारदर्शक छापा, त्यावर ट्रेसिंगचा कागद, आणि हातात सुईसारख्या टोकाचे शाईचे पेन. खाली लूम सुरू झाले की टेबल थरथरे आणि त्याबरोबर रेघही. वीज गेली की लूम थांबत, टेबल स्थिर होई, पण त्याच क्षणी पोटातला दिवाही विझे. उजेड आणि स्थिर हात या दोन गोष्टी एकत्र मिळत त्या फक्त शुक्रवारी, कारण त्या दिवशी लूमना सुट्टी असे. नाजूक रेघा मी शुक्रवारसाठी राखून ठेवत असे.

त्या चित्रांतले रंग आपल्या डोळ्यांना दिसतात तसे नसत. उभे हिरवे पीक लाल दिसे. कोरडी पडीक जमीन फिकट, राखाडी. पाणी काळे किंवा काळसर निळे, आणि उन्हाळी भातासाठी पाणी भरलेली खाचरेही काळीच. तेव्हा आमचा नियम सोपा होता. कालव्याच्या आसपास लाल किंवा काळे दिसले की त्या गावाला पाणी पोहोचले असे धरायचे आणि त्याभोवती रेघ ओढायची.

साहेब पन्नाशीचे, देशावरचे, कामाला चोख आणि मनाने सरळ. त्यांचा एक ठरलेला विनोद होता. खोलीत कोणी नवे माणूस आले की टेबलाचा दिवा लावून ते म्हणत, “तलाठ्याला मेहुणा असतो, पुढाऱ्याला जावई असतो. या उपग्रहाला ना मामा ना मेहुणा. हा वरून बघतो आणि दिसेल तेच सांगतो.” मग माझ्याकडे वळून, “काय बाई?” मी हसत असे. हसून लगेच छाप्यावर वाकत असे, कारण माझे माहेर त्याच कालव्याच्या अगदी शेवटच्या फाट्यावर होते. वाडा रस्त्याने जाऊन वज्रेश्वरीच्या अलीकडे आत वळले की लागणारे ते गाव. मला कोणी विचारले नव्हते आणि न विचारलेले सांगण्याची मला सवय नव्हती, इतकेच त्यामागचे कारण.

शनिवारी सकाळी ठाण्याला बैठक होती. तिथे गावांचा निर्णय व्हायचा होता. गुरुवारी दुपारी मी शेवटचा छापा टेबलावर पसरला आणि नाल्याच्या वळणावरून माझे गाव शोधले. सगळीकडे फिकट, राखाडी. मात्र गावाच्या वरच्या बाजूला, कालव्याला लागून, एक काळा पट्टा होता. शिंतोडे उडावेत तसा, तुटक, पण ठळक.

साहेबांनी भिंग लावून पाहिले आणि त्यांना मनापासून आनंद झाला. “अहो, शेवटच्या टोकालासुद्धा पाणी गेलं की! कोण म्हणतं कालवा पोचत नाही? उद्या रेघ पक्की करा. हे गाव वगळलं.”

“हो, साहेब,” मी म्हणाले.

आठवड्याभरापूर्वीच वहिनी लग्नाच्या खरेदीसाठी भिवंडीला येऊन गेली होती. विहिरीत आता घागर बुडत नाही, कोणाला तरी खाली उतरून ती तांब्याने भरून द्यावी लागते, असे ती चहा पिता पिता सांगून गेली होती. शेताला पाणी मिळाले असते तर विहीर अशी आटली नसती. ते गाव वगळले गेले तर उरलेला उन्हाळा ती माणसे काय पिणार होती? मी पेनाला टोपण लावले.

संध्याकाळी भिवंडीतल्याच टेमघरच्या घरी भाजी चिरताना मी हे सगळे यजमानांना सांगितले. ते कारकुनी पेशातले, कमी बोलणारे.

“मग सांग ना साहेबांना,” ते म्हणाले.

“काय सांगू? माझी वहिनी म्हणाली, म्हणून?”

“तू भूगोलाची बाई आहेस की नणंद आहेस?”

“दोन्ही.”

“मग भूगोलाच्या बाईला आधी पाठव. नणंद मागून जाऊ दे.”

ते वर्तमानपत्रात परतले. मी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी जाऊन उभी राहिले. छाप्यावरची तारीख माझ्या डोक्यात होती. पान उलटून पाहिले तर ती होळीच्या मागोमागच्या आठवड्यातली निघाली, आणि मला एकदम वास आला. खराखुरा नव्हे, आठवणीतला. भाजलेल्या मातीचा.

आमच्याकडे भाताची रोपे करायची तर आधी जमीन भाजावी लागते. उंचावरच्या माळावर शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचे. त्याला राब म्हणतात. एकट्याचा राब तो केवढा, अंगणाएवढा. तो त्या चित्रात दिसणे शक्यच नव्हते. पण आमच्या गावात सगळ्यांचे राब एकाच उतारावर, एकमेकांना लागून असत, आणि वारा फिरून आग कोणाच्या गवतात जाऊ नये म्हणून होळी झाली की सगळे मिळून एकाच दिवशी ते भाजत. तरीही मधले बांध आणि वाळलेले गवत जळायचे ते जळेच. लहानपणी दुसऱ्या दिवशी आम्ही त्या उतारावर धावायचो आणि घरी येताना पाय गुडघ्यापर्यंत काळे असत.

राख काळी असते. पाणीही, त्या चित्रात, काळेच.

शुक्रवारी सकाळी लूम बंद होते. टेबल स्थिर होते, दिवा लागलेला होता. मी ट्रेसिंगचा कागद उचलला आणि सर्वेक्षणाच्या नकाशावर ठेवला. त्यावर समोच्चरेषा असतात, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा. कालव्याची रेघ आणि समोच्चरेषा यांचा मेळ घातला आणि श्वास घेऊन पाहिले. काळा पट्टा कालव्याच्या वरच्या अंगाला होता. कालव्याचे पाणी उतारावरून खाली जाते. ते वर चढत नाही.

सांगण्यासाठी मी साहेबांच्या टेबलापाशी गेले, परत आले, माठातले पाणी प्यायले, पुन्हा गेले.

“काय झालं, बाई?”

“साहेब, हे पाणी नसावं. कालव्याच्या वर आहे. राख असेल, राबाची.”

मी नकाशा दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. चुकले असे कोणी दाखवून दिले तर ते रागावत नसत, पण सहजासहजी मानतही नसत.

“पंप लावून वर चढवलं नसेल कशावरून?”

“माळावर उन्हाळी भात कोणी लावत नाही.”

“या गावात लावत नाहीत हे तुम्हाला काय माहीत?”

हीच ती वेळ होती. एका वाक्याचे काम होते. माझ्या तोंडून आले ते असे, “साधारणपणे, त्या भागात, लावत नाहीत.”

साहेबांनी भिंग खिशात टाकले. “साधारणपणे म्हणून बैठकीत चालत नाही. बैठक उद्या आहे, जीप आज आहे. चला, बघून येऊ.”

चालकांनी मात्र नकारार्थी मान हलवली. भिवंडीतलेच, पांढऱ्या दाढीचे, साहेबांनाही न बिचकणारे. “साब, जुम्मा है. नमाज पढके निकलेंगे. तुम्हारा वो काला डाग कुठं भागून नाय जात.”

त्यामुळे निघायला दुपार झाली. त्या रिकाम्या वेळात साहेबांना सांगून टाकावे असे मी ठरवले, आणि तेवढ्यात त्यांनी डबा उघडला. जेवणाऱ्या माणसाला काय सांगायचे, म्हणून मी थांबले. जीप निघाल्यावर सांगावे तर मी मागे, नकाशांची नळकांडी मांडीवर धरून, आणि इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगण्याजोगी ती गोष्ट नव्हती. वाडा रस्त्याला लागल्यावर चालक म्हणाले, “साब, एक बात पूछू? आसमान से फोटू निकाला. फिर भी जमीन पे जाके देखना है. तो फोटू कायको निकाला?”

“फोटो खरं बोलतो का ते विचारायला चाललोय,” साहेब म्हणाले.

“किसको विचारणार?”

“कोणालाच नाही.” साहेब मागे वळले. “बाई, एक लक्षात ठेवा. गावात कोणाशी बोलायचं नाही. आधी जागा बघायची. माणसं बोलायला लागली की आपल्याला दिसायचं बंद होतं.”

मी मान डोलावली. दोन्ही बाजूंनी उन्हाने तापलेली, भेगाळलेली खाचरे मागे पडत होती. प्रत्येक वळणाला वाटे, आता सांगू. मग पुढचे वळण येई. गावाचा पिंपळ दिसला तेव्हा मी ज्या देवाला सहसा त्रास देत नाही त्याला विनवले की निदान विहिरीवर कोणी ओळखीचे नसू दे.

विहिरीवर अर्धे गाव होते. जीपची धूळ खाली बसते न बसते तोच काठावरून हाक आली.

“अगं बाई! वन्सं! तुम्ही? आनी जीपमदून?”

वहिनी ओल्या हातांनी पदर सावरत पुढे आली. “कळवायचं तरी. घरात दूधबी न्हाय. ह्ये कोन हायेत संगती?”

साहेब उतरून उभे होते. त्यांनी वहिनीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“तुमचं सासर आहे इथं?”

“माहेर.”

“कधीपासून?” गोंधळात माणूस काहीही विचारतो.

“जन्मापासून,” मी म्हणाले, आणि चालक मोठ्याने हसले. साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रागावलेला नव्हता तो. फसवल्या गेलेल्या माणसाचा होता.

“म्हणजे आज मी तुमच्या माहेरी पाहुणा आलोय. उद्या बैठकीत काय सांगू? की हे गाव यादीत राहू द्या, आमच्या बाईंचा भाऊ राहतो तिथं?”

विहिरीवरचे रहाट थांबले होते. सगळे ऐकत होते. तरीही मी बोलले. एवढे लांब वाक्य मी कोणा वरिष्ठासमोर त्याआधी बोलले नव्हते.

“साहेब, तो पट्टा कालव्याच्या वर आहे हे मी दाखवलं तेव्हा तुम्हाला माझं माहेर माहीत नव्हतं. तुम्ही ते नकाशावर पाहिलंत आणि मान्य केलंत. आता माहेर कळलं म्हणून तो पट्टा कालव्याच्या खाली येणार नाही.”

साहेबांनी नळकांड्यातला नकाशा काढून घेतला. “तुम्ही इथंच थांबा. गावातलं कोणीही माझ्यामागे येऊ नका.” आणि फक्त चालकांना घेऊन ते उताराकडे चालू लागले.

मी काठावर बसले. आत डोकावले. तळाला एक पोरसवदा बाई उभी होती आणि तांब्याने चिखलमिश्रित पाणी घागरीत भरत होती. वहिनीने माझ्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात दादा शेताकडून लगबगीने आला.

“काय गं, साहेब कशाला आलाय?”

“राब बघायला.”

“राबात काय बघायचं असतं?” म्हणताना तो हसत होता. मग त्याने उताराकडे पाहिले आणि हसू थांबले. “वरपर्यंत गेलाय? संगती गावातलं कुनी न्हाय?”

“का?”

दादा माझ्याजवळ खाली बसला आणि आवाज उतरवला. “वर राबाच्या कडेला माझी काकडी हाय.”

“काकडी? आणि पाणी?”

“पानी फाट्यात चढलं न्हाय, पन कालव्याच्या तळाला डबकं राहिलंय पाळी गेल्यावर. इंजिन लावून तेवढं खेचतो. जरासं. वाया जानारं पानी, कुनाचं काय जातं?”

 पंप लावला नसेल कशावरून, असे साहेबांनी सकाळीच विचारले होते. आता ते तिथे पोहोचतील, ओली माती पाहतील, इंजिन पाहतील, आणि राखेचा सगळा उतार त्यांच्या लेखी खोटा ठरेल. माझ्या सख्ख्या भावाच्या काकडीपायी गावच्या विहिरीचे पाणी जाईल.

वहिनीला हे नवे नव्हते. ती फक्त वेळेची वाट पाहत असावी. “रोज सांगत व्हते मी. काकड्या चिरून, मीठ लावून, वज्रेश्वरीला ऊन पान्याच्या कुंडावरच्या लोकांना विकायच्या आनी हितं आमी तांब्यानी घागर भरायची! आता बोला की सायबासमोर. कुनाचं काय जातं ते सांगा त्यांना.”

“गप बस गं,” दादा म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. घागरी येत होत्या, भरत होत्या, आणि सगळ्यांच्या नजरा त्या उताराकडे होत्या. शेवटी दोन आकृती खाली येताना दिसल्या. पुढे साहेब. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत काळी होती, आम्ही लहानपणी घरी यायचो तशी. मागे चालक काहीतरी चघळत होते. जवळ आल्यावर दिसले, ते काकडी खात होते.

“कडवी नाय हाय, साब,” ते म्हणाले. कोणी हसले नाही.

साहेबांनी दोन्ही तळहात पुढे केले. कोळशासारखे काळे. “राब आहे. सगळा उतार राबाचा आहे. हात घालून पाहिला, कुठेही ओल नाही. चित्रात दिसतं ते पाणी नाही.” मी श्वास सोडणार, तोच ते म्हणाले, “पण कडेला काकडीचे वेल आहेत. तिथं माती ओली आहे, आणि झुडपात इंजिन आहे. ते कोणाचं?”

दादा जमिनीकडे पाहत होता.  विहिरीवर वहिनीसकट एकही माणूस बोलेना, आणि बोलणार नाही हे मला कळत होते, कारण ते सगळे माझे लोक होते.

“माझ्या भावाचं,” मी म्हणाले. आवाज खाली गेला नाही, याचे मला आजही नवल वाटते.

साहेबांनी हात झटकले. “एवढासा वाफा आहे. चित्रात तो दिसत नाही. कधी दिसणारही नाही.” दादाने मान वर केली. “पण मी पाहिला,” साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “उपग्रहाला माहेर नसतं, बाई. तुम्हाला आहे. तेव्हा शेरा तुम्हीच लिहा. दोन्ही गोष्टी.”

जीपच्या तापलेल्या बॉनेटवर कागद ठेवून मी दोन वाक्ये लिहिली. कालव्याच्या वरील काळा भाग हा भाजलेल्या राबाचा असून गावास पाणी पोहोचलेले नाही. कालव्याच्या तळातील पाण्याचा एक विनापरवाना उपसा आढळला. दुसरे वाक्य लिहिताना दादा शेजारीच उभा होता. अक्षर मात्र सरळ आले. वहिनीने काळा चहा दिला. साहेबांनी तो उभ्या उभ्याच घेतला आणि कप परत देताना तिला म्हणाले, “वहिनी, दूध नसलं तरी चालतं.” पाहुणचार त्यांनी तेवढाच पत्करला.

शनिवारच्या बैठकीला मी अर्थातच नव्हते. गाव यादीत राहिले. फाट्याचे दार उघडले, कोरड्या पाटातून पाणी गावापर्यंत आले, आणि विहिरीला पाझर लागल्याचा निरोप वहिनीने वज्रेश्वरीहून येणाऱ्या बसच्या वाहकाबरोबर पाठवला. घागर पुन्हा बुडू लागली होती. दादाचे इंजिन मात्र उचलून नेण्यात आले आणि वेल ऐन भरात वाळले. त्या दिवाळीत भाऊबिजेला मी गेले तेव्हा पाटावर बसून तो म्हणाला, “ओवाळतेस की वरनं बघतेस?” आज हा घरातला विनोद झाला आहे. त्या दिवशी तो विनोद नव्हता. मी ओवाळले. त्याने ओवाळणीही घातली, पण माझ्याकडे न पाहता.

एवढ्यावर हे थांबवता आले असते. पण शनिवारच्या पहाटेचे सांगायचे राहते. साहेब ठाण्याला निघण्यापूर्वी आम्ही दोघांनी सगळे छापे पुन्हा काढले आणि कालव्याच्या वरचे प्रत्येक काळे ठिकाण नकाशाशी ताडून पाहिले. आणखी काही गावांतले डाग तसेच निघाले. त्यांच्या रेघा साहेबांनी स्वतःच्या हाताने खोडल्या. प्रश्न उरला तो कालव्याच्या खालच्या काळ्या डागांचा. तिथे पाणी असू शकत होते, आणि राखही, कारण काही गावांत राब माळावर न भाजता खाचराच्या कोपऱ्यातच भाजतात. समोच्चरेषा तिथे काहीच सांगत नव्हत्या. जाऊन पाहायला दिवस उरला नव्हता. ते डाग आम्ही पाणी म्हणूनच राहू दिले. त्यांतला एक मला स्पष्ट आठवतो. नदीच्या पलीकडचे एक गाव, कालव्याच्या खाली, लहानसा काळा ठिपका. त्याच्याभोवतीची रेघ मी एका आधीच्या शुक्रवारी ओढली होती, म्हणून ती अगदी स्वच्छ, एकही थरथर नसलेली होती. त्या गावात मी कधी गेले नव्हते. तिथून कोणाची वहिनी माझ्याकडे चहाला आली नव्हती.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी वर्गात हा विषय शिकवला. चित्रे अधिक बारीक झाली, ट्रेसिंगचे कागद गेले, संगणक आले. तो ठिपका पाणी होता की राख, हे मात्र मला आजतागायत कळलेले नाही. माझे गाव त्या छाप्यावर नसते तर मी गुरुवारी दुपारी ‘हो, साहेब’ म्हणून दुसऱ्या दिवशी रेघ पक्की केली असती, याविषयी माझ्या मनात फारशी शंका नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. जिथे तुमचे कोणीच नाही अशा गावावरचा काळा डाग तुम्ही दुसऱ्यांदा पाहिला असता का?